पहिलीच टाइम ट्रायल, साधी रोड बाईक, २० किलोमीटर : वेळ नेमका कुठं जातो?

उचगाव_फाटा :
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी २० किलोमीटरच्या टाइम ट्रायलला (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत) नाव दिलंय. बेळगावजवळ बागलकोट रस्त्यावर सांबऱ्याच्या पुढं सुरुवात, पूर्वेला १० किलोमीटर जायचं, रस्त्यात ठेवलेल्या ड्रमला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं परत. मिनिटामिनिटाला एकेक जण सोडणार. पहिला गडी सकाळी सातला, माझा नंबर सत्तरच्या आसपास, म्हणजे सव्वाआठ धरून चाललोय. हातात सात आठवडे आहेत.

आतापर्यंत सगळं गटातलं सायकलिंग. रविवारी जांबोटी, नाहीतर शिनोळीवरून पाटणे फाटा, ६० ते ९० किलोमीटर. एकट्यानं सपाटीला तासभर ३०-३१ चा वेग राहतो. वजन ७०. सायकल अ‍ॅल्युमिनियमची, साधारण १० किलो, ८ स्पीड, पुढं ५० आणि ३४ दातांच्या प्लेटा, मागं ११ ते ३२ दातांची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच), टायर २५ मिलिमीटरचे. पॉवर मीटर (पायडलवरची ताकद मोजणारं यंत्र) नाही, छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा आहे. टीटी बाईक (टाइम ट्रायलची खास सायकल) घेणार नाही, हे आधीच सांगतो.

विचारायचं असं : क्लिप-ऑन बार (हँडलवर बसवायच्या, हात पुढं टेकवायच्या दांड्या) घ्यावेत का? कोणीतरी डीप व्हील (उंच रिमची चाकं) भाड्यानं देतो म्हणतोय, त्यात अर्थ आहे का? सुरुवातीपासून किती जोर लावायचा? आणि वळसा कसा मारायचा? नियमपत्रक कन्नडमध्ये आहे, त्यात माझ्या नावापुढं ‘रोड बाईक गट’ एवढं कळलं.

जुनी_चेन :
आधी हिशेब बघ, खरेदी मग. तुझं आणि सायकलचं मिळून ८० किलो. ३४ च्या वेगानं सपाटीला जायला पायडलवर साधारण २१० वॅट लागतात, आणि त्यातले पाचांतले चार वाटे नुसती हवा कापण्यात जातात. त्या हवेतही सायकलीचा वाटा थोडा, तुझ्या अंगाचा मोठा. म्हणून पहिला पैसा आणि पहिला वेळ अंगाच्या ठेवणीवर घालवायचा.

अंग हवेला किती अडतं याचा आकडा असतो, त्याला सीडीए म्हणतात. हुडवर (ब्रेकच्या वरच्या रबरी मुठींवर) हात ताठ ठेवून बसलेला हौशी सायकलस्वार ०.३६ च्या आसपास असतो. ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात) किंवा हुडवरच कोपर नीट वाकवून, डोकं खाली घेऊन बसला तर ०.३२. क्लिप-ऑनवर बरी ठेवण जमली तर ०.२८. पायातली ताकद तीच धरून २० किलोमीटरचा वेळ असा येतो : ०.३६ ला ३५ मिनिटं १८ सेकंद, ०.३२ ला ३४ मिनिटं, ०.२८ ला ३२ मिनिटं ४२ सेकंद. हिशेब ढोबळ आहे, पण पायऱ्या केवढ्या आहेत ते बघ. कोपर वाकवायला पैसे पडत नाहीत आणि सव्वा मिनिट मिळतं. सात आठवड्यांत नुसत्या पायांच्या जोरावर सव्वा मिनिट काढायचं म्हणजे पायडलवर वीसेक वॅट वाढवायला लागतात.

(बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठेक टक्के पातळ. ते यात धरलंय. हेच पाय आणि हीच ठेवण घेऊन वेंगुर्ल्यात गेलास तर ३४ च्या जागी ३३ चा वेग पडेल. घाबरू नकोस, पाय तेच असतात.)

डीप व्हील सोड. फायदा आहे, पण वरच्या पायऱ्यांपुढं किरकोळ, आणि ऊस तुटलेल्या रानातून आडवा झोत आला की पुढचं चाक हिसकतं. सवय नसलेला माणूस तिथं ताठ बसतो, मग मिळवलेलं सगळं गेलं. त्यापेक्षा कपड्यांकडं बघ. पाठीवर फडफडणारी सैल जर्सी चांगल्या चाकाचा फायदा खाऊन टाकते. एक माप लहान, अंगाला घट्ट जर्सी, खिसे रिकामे, जर्सीची चेन वरपर्यंत लावलेली. नंबरचा कागद सहा-आठ पिना लावून चारी बाजूंनी बसव, दोन पिनांवर सोडलास तर पाठीवर पतंग उडतोय म्हणून समज.

क्लिप-ऑन नियमात बसत असतील तर घे, माझं मत पक्कं आहे. १९८९ चा टूर दि फ्रान्स माहीत असेल. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, फ्रान्सचा फिन्याँ एकूण वेळेत अमेरिकेच्या लेमाँडच्या ५० सेकंद पुढं. लेमाँडच्या सायकलीला एरो बार (असेच हात पुढं टेकवायचे), फिन्याँ साध्या हँडलवर, डोक्यावर हेल्मेट नाही, मागं शेंडी उडतेय. लेमाँडनं तो टप्पा मारला, फिन्याँपेक्षा ५८ सेकंद कमी घेतले, आणि अख्खा टूर ८ सेकंदांनी जिंकला. सगळं श्रेय बारला देता येत नाही, पण त्यानंतर बार कुणी सोडले नाहीत.

बसवताना : तुझ्या हँडलचा मधला गोल भाग ३१.८ मिलिमीटरचा असेल, क्लॅम्प फक्त त्या गोल भागावर बसतो, पुढं जिथं निमुळता होतो तिथं नाही. बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटर, क्लॅम्पवर छापलेला आकडा असतो तोच पाळ. हात पुढं गेले की कंबरेत दुमडायला होतं, म्हणून सीट १० ते २० मिलिमीटर पुढं आणि चार-पाच मिलिमीटर वर, नाक एक-दोन अंश खाली. आणि बारवर असताना ब्रेकवर हात नसतो. वळशाला, गावात, कुत्रं दिसलं की, ट्रॅक्टर दिसला की हात हुडवर.

दोन_वारे :
वरचा हिशेब वारा नाही असं धरून आहे. जानेवारीत आपल्याकडं वारा पूर्वेचा. सातला झाडाचं पान हलत नाही, पण ऊन चढेल तसा वाढतो, आणि सव्वाआठला सुटणाऱ्याला तो नक्की लागणार. म्हणजे जाताना तोंडावर, येताना पाठीवर. याचे आकडे आधी डोक्यात बसवले नाहीत तर माणूस वाटेतच खचतो.

०.३२ ची ठेवण, तीच ताकद, आणि ताशी १० किलोमीटरचा वारा धर. जाताना वेग २९.४, वेळ २० मिनिटं २५ सेकंद. येताना वेग ४१.७, वेळ १४ मिनिटं २३ सेकंद. बेरीज ३४:४८, म्हणजे बिनवाऱ्याच्या दिवसापेक्षा ४८ सेकंद जास्त. जाताना जेवढं गेलं तेवढं येताना परत येत नाही, कारण तोंडाच्या वाऱ्यात तू जास्त वेळ राहतोस.

यातून दोन गोष्टी. पहिली : सायकलच्या घड्याळावर वेग दिसूच देऊ नको. २९ बघितलं की मन म्हणतं ‘संपलं’, आणि गडी ताकद वाढवून ३२ काढायला जातो. वाऱ्यात वेगातले ते ताशी तीन किलोमीटर फार महाग पडतात. पडद्यावर फक्त ठोके, अंतर आणि झालेला वेळ. दुसरी : जाताना थोडी जास्त ताकद, येताना थोडी कमी, हे बरोबर आहे, पण थोडी म्हणजे तीन ते पाच टक्के. त्यातून मिळतात मोजके सेकंद. पहिल्या पाच मिनिटांत जोश चढून पेटलास तर जातं मिनिट.

पहिली पाच मिनिटं हा खरा खड्डा आहे. पाय ताजे, समोर मिनिटभर आधी सुटलेला दिसतोय, मागं लोक ओरडतायत. ठोके मात्र दोन-तीन मिनिटं मागं असतात, त्यामुळं पट्टा सांगतो ‘अजून आहे’ आणि पाय तोवर उधारीवर चाललेले असतात. पहिली तीन मिनिटं ठोक्यांकडं न बघता श्वासाकडं बघ. एका श्वासात चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. तीन मिनिटांनी दोन शब्दांवर ये. शेवटचे तीन किलोमीटर एकही शब्द नाही.

मारीहाळच्या बाजूला रस्ता पूर्ण सपाट नाही, हलके चढ-उतार आहेत. चढाला पाच-दहा टक्के जोर वाढला तर चालतो, पण माथ्यावर थांबू नको. सगळे तिथंच सोडतात. माथ्यानंतर वीस-तीस पायडल तोच जोर ठेवून वेग धरायचा, मग उतारावर दम घ्यायचा.

रॉकेल_आणि_चिंधी :
सायकलीकडं कुणीच बघेना, म्हणून मी.

मागची कॅसेट ११-३२ असेल तर दात असे : ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२. ३५ च्या वेगाला ५०/१५ वर पाय मिनिटाला ८४ फिरतात, ५०/१८ वर १०१. एक जड, दुसरा घाईचा, मध्ये काही नाही, आणि नेमका याच वेगात तू निम्मा वेळ असणार. ८ स्पीडचीच ११-२८ घे : ११-१३-१५-१७-१९-२१-२४-२८. १७ वर ९५ पडतात. वाऱ्यात २९-३० ला १९ वर ८९, येताना ४१-४२ ला १३ वर ८६ नाहीतर १५ वर ९९. आठ स्पीडची कॅसेट इतर सामानापेक्षा स्वस्त, आणि पहिल्या दिवसापासून उपयोगाची. ११ दाताला हात लागणारच नाही, तो उतारावर मिरवायचा असतो.

बदलताना चेन व्हिप (कॅसेट धरून ठेवायचं हत्यार) आणि लॉकरिंगचा (कॅसेट आवळणाऱ्या रिंगचा) पाना लागतो. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर, म्हणजे फूटभर पान्यावर चांगला जोर. सैल राहिली तर गिअर कटकट करतात आणि माणूस विनाकारण वायर पिळत बसतो. ३२ वरून २८ वर आलास तर चेन तोडायची गरज नाही, फक्त मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) बी-स्क्रू थोडा सैल करून वरची पुली कॅसेटच्या जवळ आण. चेन जुनी असेल तर कॅसेटसोबत तीही नवी. झिजलेली चेन नवे दातही लवकर झिजवते.

चेन : आठवडाभर आधी काढून रॉकेलमध्ये घुसळ, दुसऱ्या स्वच्छ रॉकेलमध्ये परत एकदा, चिंधीनं पूस, उन्हात पूर्ण वाळव. प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब, दहा मिनिटं पायडल फिरव, आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढ. तेल आत हवं, बाहेर नको. इंजिन ऑइल घालणारे असतात, दोन दिवसांत चेनवर काळी पेस्ट होते, ती वाळूच्या कागदासारखं काम करते.

चाकं उचलून फिरव. ब्रेक शू एका जागी जरी घासत असेल तरी चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घे, नुसता ब्रेक सैल करून भागवू नको, वळशाला तोच ब्रेक लागणार आहे. रिम धरून आडवी हलव, हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर कोन (बेअरिंग धरणारे नट) आवळून घे, पण इतके नाही की चाक जड फिरेल.

टायर : सायकलीसोबत आलेले जाड तारेचे टायर असतील तर बदल. चांगल्या टायरनं एका चाकामागं पाच-सहा वॅट वाचतात. नवे टायर शर्यतीच्या आदल्या दिवशी घालू नको, दोन आठवडे आधी घाल, बाभळीचे काटे कुठं आहेत ते तुला कळेल आणि टायरलाही. हवा तुझ्या वजनाला २५ च्या टायरमध्ये पुढं ८०, मागं ८५ पीएसआय. १२० भरून येणारे असतात. टायर दगडासारखा लागला की वेगवान वाटतो, पण खडबडीत डांबरावर तो उसळतो आणि ताकद अंगातच जिरते. रात्री भरू नको, सकाळी भर.

दिवा, घंटी, सीटखालची पिशवी, आरसा काढून ठेव. हेल्मेट सक्तीचं असणारच. बाटली एक, तीही हवी असेल तर.

उचगाव_फाटा :
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. आज संयोजकांना फोन केलो. रोड बाईक गटात क्लिप-ऑन चालत नाहीत, डिस्क व्हीलही (पूर्ण बंद चकतीचं चाक) नाही. क्लिप-ऑन लावले तर खुल्या गटात जावं लागेल, तिथं टीटी बाईकवाले. म्हणजे तो प्रश्न मिटला. कॅसेट सांगून आलोय.

आता हे सांगा : क्लिप-ऑन नाहीत तर हाताचा पुढचा भाग हँडलवर टेकवून बसलं तर? व्हिडिओत बघितलोय. आणि ठोक्यांचा आकडा कुठून काढायचा? पट्टा आहे, पण कितीवर चालवायचं माहीत नाही.

जुनी_चेन :
मग माझे क्लिप-ऑन गेले, चालेल. खुल्या गटात जाऊ नको.

हात हँडलवर टेकवायची ती पद्धत आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं रस्त्याच्या शर्यतीत २०२१ पासून बंद केली, आडव्या दांडीवर बसून उतार मारायची पद्धतही त्याच वेळी. तुझ्या संयोजकांनी तेच नियम घेतले असोत-नसोत, करू नको. हात कुठंच पकडलेला नसतो, खड्डा आला की हँडल हातचं जातं.

तुझ्यासाठी ठेवण एकच. हात हुडवर, मनगट सरळ, कोपर ९० अंशांत वाकलेलं, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला समांतर. कोपरं आत, गुडघ्यांच्या रेषेत, बाहेर पसरलेली नाहीत. खांदे कानांकडून खाली सोड आणि आत घे. मान लांब करून वर बघायचं नाही, कासवासारखी आत ओढून डोळे वर करायचे. समोरचं पंधरा-वीस मीटर दिसतं, तेवढ्यावर भागत नाही म्हणून दर काही सेकंदांनी पूर्ण वर बघायचंच. टाइम ट्रायलमध्ये मान खाली घालून उभ्या गाडीत घुसणारे लोक असतात, ही गंमत नाही.

ड्रॉपमध्ये बसूनही चालतं, पण हात ताठ ठेवून ड्रॉपमध्ये बसलास तर फायदा जवळजवळ शून्य. आणि हुडवरची ही ठेवण दंडाला आणि मानेला लागते. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांचे चार तुकडे, मध्ये पाच मिनिटं सैल. मग १० चे तीन, पाचव्या आठवड्यापर्यंत २० चे दोन. एखाद्याला बाजूनं फोनवर व्हिडिओ काढायला सांग. तुला वाटतं तू वाकलायस, व्हिडिओत हात ताठ दिसतो. दहाव्या मिनिटानंतरचा काढ, पहिल्या मिनिटात सगळेच छान बसतात.

खानापूर_लोंढा :
ठोक्यांचं सांगतो. ‘२२० वजा वय’ विसर, माणसामाणसात दहा-पंधरा ठोक्यांचा फरक असतो. चाचणी घे. चांगला २०-२५ मिनिटांचा वॉर्म-अप, मग एकट्यानं ३० मिनिटं, जेवढा जोर पूर्ण अर्धा तास टिकेल तेवढा. पहिली दहा मिनिटं सोडून उरलेल्या वीस मिनिटांची सरासरी काढ. तो तुझा उंबरठा, म्हणजे जास्त वेळ टिकणाऱ्या जोराची हद्द. समजा १६८ आला. तर शर्यतीत पहिली पाच मिनिटं १६० ते १६३, मग वळशापर्यंत १६६ ते १६९, परतीला १७० च्या वर जाऊ दे, शेवटचे तीन किलोमीटर पट्ट्याकडं बघूच नको. रात्री झोप नसेल, चहा-कॉफी जास्त झाली असेल, ऊन असेल तर ठोके चार-पाच वर दिसतात. त्या दिवशी श्वासावर विश्वास ठेव.

चाचणी हायवेच्या मुख्य लेनवर घेऊ नको. काकतीच्या बाजूचा सर्व्हिस रोड आहे, पण त्यावर उलट्या बाजूनं दुचाक्या येतात. वेंगुर्ला रस्ता सकाळी सहा-सातला बरा, बाचीपर्यंत लांब तुकडे मिळतात. सांबऱ्याकडच्या रस्त्यावर मात्र दोन-तीनदा जाऊन ये, शर्यतीच्याच वेळेला. हंगाम चालू आहे, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर पडलेली कांडी, आणि रानातून चाकांना लागून आलेला चिखल वाळून झालेले गोळे. गावाजवळचे गतिरोधक आणि रंबलर कुठं आहेत ते किलोमीटरच्या आकड्यासह लिहून काढ. रंबलरवर पायडल समपातळीत, बूड सीटवरून बोटभर उचललेलं, हात सैल. दाबून धरलेल्या हातांनी गेलास तर बाटली उडते.

सात आठवड्यांत आठवड्याला दोनच कडक दिवस. मंगळवारी उंबरठ्याचं काम : पहिले दोन आठवडे १० मिनिटांचे तीन, मध्ये पाच मिनिटं विश्रांती, ठोके उंबरठ्याच्या पाच खाली. मग १५ चे दोन, मग २० चे दोन, सगळं त्या वाकलेल्या ठेवणीतच. ताठ बसून केलेला सराव शर्यतीत अर्धाच उपयोगी पडतो, कारण कंबर दुमडली की मांडीचे स्नायू वेगळ्या कोनातून काम करतात. शुक्रवारी तीन-तीन मिनिटांचे पाच तुकडे, जोर त्याहून जास्त, मध्ये तीन मिनिटं सैल. रविवारची जांबोटी राईड चालू ठेव, पण गटात शेवटी उगाच चढाओढ नको. शेवटच्या आठवड्यात एकूण वेळ निम्मा, जोर तोच. बुधवारी पाच मिनिटांचे दोन तुकडे शर्यतीच्या जोरानं, मग शनिवारी अर्धा तास सैल, त्यात एक मिनिटाचे तीन.

दोन_वारे :
एक मतभेद. खानापूरवाल्यांनी परतीला १७० च्या वर सांगितलंय. वारा पाठीवर असेल तर परतीचा वाटा चौदा-पंधरा मिनिटांचाच आहे, तिथं शक्ती राखून ठेवून काय मिळणार? ४० च्या वेगात जास्तीच्या २० वॅटनं दीड किलोमीटरही वेग वाढत नाही. वळशाला पोचताना ‘अजून एवढं शिल्लक आहे’ असं वाटलं तर जाताना चूक झाली. मी म्हणेन पाचव्या मिनिटापासून वळशापर्यंत उंबरठ्याच्या दोन-तीन वरच चालव. वारा नसेल तर त्यांचं बरोबर.

खानापूर_लोंढा :
पहिल्याच टाइम ट्रायलला मी तो धोका घ्यायला सांगणार नाही. उंबरठ्याच्या वर वीस मिनिटं तोंडाच्या वाऱ्यात काढली आणि पंधराव्या मिनिटाला पाय गेले, तर परतीला पाठीवरचा वाराही वाचवत नाही. पण वारा खरंच जोराचा असेल तर तुमचं म्हणणं मान्य, एक-दोन ठोके वर. सकाळी सुरुवातीच्या जागी झेंडा बघून ठरव.

आता वळसा, तो कुणी घेतलाच नाही. दुपदरी रस्ता, साधारण सात मीटर रुंद. आपण डाव्या बाजूनं येतो, वळायचं उजवीकडं. ड्रमच्या आधी पन्नासेक मीटरवर मागं नजर टाकून डाव्या कडेला जा. गिअर ब्रेक लावायच्या आधी बदल : पुढं ५० च ठेव, मागं २४. पुढची प्लेट बदलायला गेलास तर नेमकी तिथं चेन पडते. दोन्ही ब्रेक सायकल सरळ असतानाच, वळताना सोडलेले. उजवं पायडल वर, डावं खाली, सगळं वजन डाव्या पायावर. ड्रमकडं बघू नको, ड्रमच्या पलीकडच्या रस्त्याकडं बघ. जिकडं नजर, तिकडं सायकल. ड्रमला अगदी जवळून वळायला सुरुवात केली तर बाहेर पडताना समोरच्या कडेला फेकला जातोस, म्हणून थोडं पुढं जाऊन, उशिरा आत घे. रस्त्याच्या मधोमध खडी साठलेली असते, सांभाळ. बाहेर पडल्यावर उभं राहून दहा-बारा पायडल, स्प्रिंट नाही, मग बसून २१, १९, १७ असं खाली. हे नीट जमलं तर पाच-सहा सेकंद जातात, नाही जमलं तर बारा-पंधरा. मोकळ्या मैदानात दोन विटा ठेवून सात मीटरात वळायचा सराव कर. वीस वेळा केलास की भीती जाते.

सुरुवातीला ५०/२१ ठेव. मागून सीट धरणारा माणूस असेल तर ब्रेक सोडून दोन्ही पाय क्लिपमध्ये, उजवं पायडल घड्याळात दोन वाजतात तिथं. त्या माणसाला आधीच सांग, ‘ढकलू नका, फक्त सोडा.’ मोजणी कन्नडमधून होईल : ऐदु, नाल्कु, मूरु, एरडु, ओंदु, म्हणजे पाच ते एक. मूरुला बूड उचलायचं, ओंदुनंतर सुटायचं. सुटायच्या वेळेला तू हजर नसलास तरी तुझं घड्याळ चालू होतं, म्हणून दहा मिनिटं आधी रांगेत.

वॉर्म-अप सुटायच्या ४० मिनिटं आधी सुरू कर : १५ मिनिटं सैल, मग एक मिनिटाचे तीन शर्यतीच्या जोरानं, दहा सेकंदांच्या दोन उड्या, मग सैल. जानेवारीत अंग लवकर थंड होतं, जॅकेट रांगेत उभं असेपर्यंत अंगावर ठेव.

पुढचा गाठलास तर त्याच्या मागं चिकटू नको. आंतरराष्ट्रीय नियमात ओलांडताना बाजूला २ मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि ओलांडला गेलेल्यानं नंतर २५ मीटर मागं राहायचं असतं. तू ओलांडला गेलास तरी हेच. आठ-दहा मीटर मागं लागून आरामात जाताना बघितलं तर बाद करतात, आणि ते बरोबरच आहे.

रॉकेल_आणि_चिंधी :
खाण्याचं राहिलं. साडेपाचला हलकं : पोहे, दोन-तीन इडल्या, केळं. तिखट मिसळ, पुरी-भाजी नको. वाकलेल्या पोटात ती वर येते. कॉफी पाऊणतास आधी एक, सवय असेल तरच. पाणी सकाळपासून घोट घोट. शर्यत ३५ मिनिटांची, थंडी, पिण्याची गरज नाही. कुंदा फिनिशनंतर.

उचगाव_फाटा :
शेवटचा एक प्रश्न. मे महिन्यात चोर्ल्याच्या बाजूनं घाट चढायची टीटी ठेवायची चर्चा आहे. तिथं पण हाच हिशेब?

दोन_वारे :
नाही. घाटात वेग १२-१५ वर आला की हवेचा वाटा एकदम कमी होतो, वजन आणि पाय बघायचे. तिथं ११-३२ कॅसेट परत घाल, कोपर वाकवायची गरज नाही, हात वरच्या दांडीवर, छाती मोकळी. २०२० च्या टूरमध्ये ला प्लान्श दे बेल फिल्लवरच्या टाइम ट्रायलला स्लोव्हेनियाच्या पोगाचारनं पायथ्याला टीटी बाईक सोडून साधी रोड बाईक घेतली होती, ती याचसाठी. काढलेली कॅसेट विकू नको.